तिसऱ्या महिन्यातला सीएमव्ही रिपोर्ट

मी डॉक्टर नाही. चोपड्याच्या एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. तरीही गेल्या वर्षभरात तीन बायकांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला, "मॅडम, माझा सीएमव्ही पॉझिटिव्ह आलाय, आता काय करू?" तिघी रडत होत्या. तिघींनी डॉक्टरांना विचारायच्या आधी मोबाइलला विचारलं होतं. मीही तेच केलं होतं, म्हणून त्यांना रागवायचा मला काही हक्क नाही. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढावं असं वाटलं. औषधपाणी काय करायचं ते यात सापडणार नाही. एका रिपोर्टने आमच्या घराचं काय केलं, एवढंच आहे.

रिपोर्ट

माझं पहिलं पोट अडीच वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हा लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. म्हणून या वेळी दिवस राहिले तशा चोपड्याच्या डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. त्यात 'टॉर्च' नावाची एक होती. पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकतील अशा चार-पाच संसर्गांसाठी रक्त तपासतात. सीएमव्ही त्यातलाच एक.

शनिवारी दुपारी रिपोर्ट मिळाला आणि नेमक्या डॉक्टरबाई लग्नाला नाशिकला गेलेल्या. मी रिपोर्ट लॅबच्या पायरीवरच उघडला. बाकी सगळ्या ओळी साध्या अक्षरात, दोन ओळी ठळक. सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह. सीएमव्ही आयजीएम पॉझिटिव्ह. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, हे काय असतं? तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "व्हायरस आहे. बाळाला धोका असतो. डॉक्टरला दाखवा."

डॉक्टर सोमवारी भेटणार होत्या. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ मी मोबाइलवर जे वाचलं ते माझ्या शत्रूवरही वाचायची वेळ येऊ नये. बाळ बहिरं होऊ शकतं. डोकं लहान राहू शकतं. डोळे, यकृत, मेंदू. मी पानामागून पान उघडत गेले आणि प्रत्येक पानावर आणखी एक अवयव वाढत गेला. नवव्या आठवड्याचं माझं बाळ चिंचोक्याएवढं असेल, आणि मी त्याला सगळे आजार लावून मोकळी झाले होते.

परी

आमचं घर एकत्र. सासरे, सासूबाई, थोरले दीर, ज्योतीताई म्हणजे माझी जाऊ, मी, माझा नवरा नीलेश, आणि ज्योतीताईंची परी. परी तेव्हा नुकतीच दोन वर्षांची झालेली. माझं पहिलं पोट गेल्यावर सहा महिन्यांनी ती जन्मली आणि मी तिला अशी काही धरली की ज्योतीताई चेष्टेने म्हणायच्या, "जन्म मी दिलाय हे लक्षात असू द्या." शाळेतून आले की ती माझ्याच ताटात जेवायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिने अर्धी चावायची, उरलेली माझ्या तोंडात कोंबायची, आणि मी ती खायची. तिचं उष्टं खायला मला कधी किळस वाटली नाही. वर गालावर, तोंडावर पाप्यांचा मारा.

आणि मोबाइलवर लिहिलं होतं, लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून हा विषाणू पसरतो.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. परी नेहमीसारखी माझ्या मांडीकडे आली आणि मी तिला हाताने मागे सारलं. नुसतं सारलं असतं तरी चाललं असतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्यापासूनच झालंय मला."

सासूबाईंनी ज्योतीताईंकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला आजही आठवतं. ज्योतीताई ताटावरून उठल्या, परीला उचललं आणि आत गेल्या. संध्याकाळी परीचं ताट, वाटी, पेला वेगळ्या फडताळात गेलेला दिसला. वेगळं ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. ज्योतीताईंनीच ठेवलं होतं. मंगळवारी सकाळी त्या परीला घेऊन माहेरी, पहूरला गेल्या. "चार दिवस जाऊन येते," म्हणाल्या. चार दिवसांना कोणी एवढी मोठी बॅग नेत नाही, ते मला दिसत होतं. पण मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आजारात माणूस किती आपमतलबी होतो हे मला त्या दिवशी माझ्यावरूनच कळलं.

जळगाव

चोपड्याच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहून जळगावला एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्याही बाईच. पन्नाशीच्या, बोलायला तुटक, पण घाई नसलेल्या. माझ्या मोबाइलमधले फोटो, माहिती, मी वहीत काढलेले प्रश्न, सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी मोबाइल पर्समध्ये ठेवायला लावला.

"आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे हा विषाणू तुमच्या शरीरात कधीतरी येऊन गेलाय," त्या म्हणाल्या. "आपल्याकडच्या बहुतेक बायकांत तो सापडतो. मलाही असेल. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे कदाचित अलीकडे आला असेल. कदाचित. तो कधीकधी उगाचही पॉझिटिव्ह दाखवतो, कधी जुनाच महिनोन्‌महिने रेंगाळतो. प्रश्न एकच आहे. तुम्हाला हा पहिल्यांदा कधी झाला? दिवस राहायच्या आधी की नंतर? आधी झाला असेल तर बाळाला धोका खूप कमी. नंतर झाला असेल तर काळजी करावी लागेल."

मग त्यांनी अ‍ॅव्हिडिटी नावाची आणखी एक रक्ताची तपासणी लिहिली. त्यावरून संसर्ग जुना की नवा याचा अंदाज येतो. रक्त मुंबईला जाणार, रिपोर्टला आठ-दहा दिवस.

"आणि पहिल्या वेळी, ते पोट गेलं तेव्हा, ही तपासणी झाली होती का?"

झाली होती. मला आठवलं. तेव्हा मी माहेरी होते, शिरपूरजवळ. तिथून धुळ्याला नेलं होतं आणि तिथे चार नळ्या भरून रक्त घेतलं होतं. पण रिपोर्ट मी कधी पाहिला नाही. त्या दिवसांत मी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. माझी माय एकटी धुळ्याला जाऊन तो घेऊन आली होती आणि "सगळं चांगलं शे" एवढंच म्हणाली होती.

"तो कागद शोधा," डॉक्टर म्हणाल्या. "आज मी तुम्हाला ज्या तपासण्या लिहितेय त्यांच्यापेक्षा तो कागद जास्त सांगेल."

दवाखान्याच्या बाहेर उभं राहूनच मी मायला फोन लावला.

"काहीच नव्हतं व त्यामा," माय म्हणाली. "बठ्ठं चांगलं व्हतं. तो कागद तं मी तव्हयच फेकी दिन्हा."

कागद फेकलाय म्हटल्यावर मी धुळ्याच्या लॅबचा नंबर काढला. ती लॅब बंद होऊन वर्ष झालं होतं.

ते दहा दिवस

शाळा चालू होती. वर्गात बरं वाटायचं, कारण चाळीस मुलं समीकरण चुकवायला टपलेली असताना दुसरं काही सुचत नाही. घंटा झाली की मी पुन्हा मोबाइल उघडायची. घर परीशिवाय शांत झालं होतं. थोरले दीर माझ्याशी बोलायचे, पण नजर ताटात ठेवून.

नीलेशने या काळात काय केलं? काहीच नाही, आणि तेच मला खटकत होतं. तो केळीच्या बागेत जायचा, यायचा, जेवायचा. एक दिवस जळगावहून येताना मी गाडीत बसल्या बसल्या त्याच्यावर ओरडले. तुला काही वाटतं की नाही, म्हणाले. त्याने गाडी बाजूला घेतली, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि म्हणाला, "मी काय बोलू? काही बोललो आणि ते खोटं ठरलं तर?" मग तो रडला. लग्नानंतर पहिल्यांदा. शेजारून केळीचे ट्रक जात होते आणि आम्ही दोघं गाडीत बसून शर्टाच्या बाहीने नाकं पुसत होतो.

सासूबाई वाईट नाहीत. पण सहाव्या दिवशी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, माझ्या पायावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, पोर तं आखो व्हई जाई. जन्मभर आजारी पोर सांभाळनं सोपं नही. आते लवकर शे, तव्हरी मोकळं व्हनं बरं." मूल आणखी होईल, आत्ताच मोकळी हो, असं त्या माझ्या भल्यासाठीच सांगत होत्या. त्यांच्या मोठ्या बहिणीने एक अपंग मुलगी तीस वर्षं अंथरुणावर सांभाळली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मला त्यांचा राग आला नाही. मला भीती वाटली, कारण मलाही अधूनमधून तेच वाटत होतं.

दहाव्या दिवशी मुंबईचा रिपोर्ट आला. जुना असेल तर आकडा जास्त, नवा असेल तर कमी, एवढं मी पाठ करून ठेवलं होतं. आकडा बरोबर मधला आला. रिपोर्टमध्ये शब्द होता, 'इंटरमीजिएट'. जन्मभर मुलांना 'उत्तर एकच असतं' म्हणून शिकवत आले आणि माझ्या वेळी हे.

डॉक्टर म्हणाल्या, घाईने काही ठरवू नका. विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासता येईल. पण घरात आता सगळे हिशोबाने आठवडे मोजायला लागले होते, आणि कोणीच माझ्याकडे सरळ पाहत नव्हतं. मी नीलेशला म्हणाले, रविवारपर्यंत ठरवू या. काय ठरवायचं ते दोघंही उच्चारत नव्हतो.

माय आली

शुक्रवारी सकाळी साडेनऊला दारात माय. पहाटेच्या बसने शिरपूरहून निघालेली, न कळवता. हातात नेहमीची पिशवीही नाही. माझी माय लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कधीच येत नाही. भरताची वांगी, लाल मिरची, काहीतरी असतंच. मी घाबरलेच.

सासूबाई दारापुढच्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी उठून पाणी आणलं. मायने पाणी हातात घेतलं नाही. पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून चौघडी केलेला कागद काढला आणि माझ्याकडे न देता सासूबाईंपुढे धरला.

"विहीनबाई, मनी चुकी व्हयनी," ती म्हणाली. "हाऊ कागद मी लपाडी ठेवा व्हता. पोरनं पहिलं पोट वाया गये. वरतून तिले रोग शे आसं समजनं तं लोके काय बोलतीन, आसं माले भ्याव वाटनं. म्हनीसन मी कोनलेच नही सांगं. हिना बापले बी नही."

अडीच वर्षं तो रिपोर्ट शेताच्या सातबाऱ्याच्या पिशवीत, सगळ्यात खाली पडून होता. धुळ्याच्या लॅबमध्ये तिने एका ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, हे काय? त्यांनी सांगितलं होतं, पॉझिटिव्ह आहे, आईकडून बाळाला जातं. माय चौथी शिकलेली. तिला एवढंच कळलं की पोट जाण्याचा दोष लेकीत निघाला. नव्या घरात लेकीवर ठपका नको म्हणून तिने तो कागद घडी घालून ठेवून दिला. आणि मी फोन केला तेव्हा, आता खोटं उघडं पडलं तर दुप्पट बोल लागेल म्हणून पुन्हा खोटं बोलली. त्यानंतर तिला जेवण जाईना. शेवटी काल तिने आबांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. आबा म्हणाले, आत्ताच्या आत्ता जा.

मी कागद हिसकावून घेतला. वाचला. आणि मायवर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. दहा दिवस मी जळत होते आणि माझ्या आईला माहीत होतं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. तिच्या चपलांना बसस्टँडचा चिखल लागलेला होता आणि ती त्या घालूनच ओट्यावर आली होती, इतकी भांबावलेली.

मला थांबवलं ते सासूबाईंनी. त्यांनी मायचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं. "तुमना जागे मी ऱ्हातू तं मी बी तेच करतू," त्या म्हणाल्या. मग मायपुढे पाण्याचा पेला सरकवत, "आमीच आशा शेत म्हनीसन तुमले लपाडनं पडनं. बसा. पहिले च्या पी ल्या."

मायला ज्यांची भीती वाटत होती त्यांनीच तिला पहिला कप दिला. मग मी मायजवळ जाऊन बसले. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि खूप रडले. राग तेव्हा गेला नाही. तो जायला पुढे महिनाभर लागला. पण डोकं मी ठेवलं.

जुना संसर्ग

दुपारीच जळगाव गाठलं. या वेळी गाडीत दोन्ही विहिणी मागे बसल्या. डॉक्टरांनी कागद उजेडात धरला. तारीख पाहिली. मायने लॅबमध्ये माझं लग्नाआधीचं नाव सांगितलं होतं म्हणून आधार कार्ड मागून पडताळलं.

"आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह," त्या म्हणाल्या. "अडीच वर्षांपूर्वीच तुमच्या अंगात हा येऊन गेलेला होता. कदाचित तुम्ही शाळेत जाणारी मुलगी होतात तेव्हाच. आत्ता पहिल्यांदा झालेला नाही."

"म्हणजे बाळाला काही नाही?"

"धोका खूप कमी आहे. शून्य आहे असं मी म्हणणार नाही. जुना विषाणू पुन्हा डोकं वर काढू शकतो. दर महिन्याला सोनोग्राफी करू, जन्मल्यावर बाळ तपासू. पण या रिपोर्टवर हे मूल पाडावं असं मी तुम्हाला सांगणार नाही."

मायने विचारलं, मग पहिलं पोट या रोगाने गेलं का? डॉक्टर म्हणाल्या, यात तसं काहीच दिसत नाही, बऱ्याचदा कारण सापडतच नाही. माय तोंडाला पदर लावून बसली. अडीच वर्षं ती लेकीचा एक दोष लपवत होती आणि तो दोष नव्हताच.

शून्य नाही हे ऐकूनही मला हलकं वाटलं. पण गाडीत बसल्यावर दुसरी गोष्ट डोक्यात आली. धुळ्याला ते रक्त घेतलं तेव्हा परी जन्मलीही नव्हती.

पहूर

रविवारी मी आणि नीलेश पहूरला गेलो. ज्योतीताईंच्या आईने दार उघडलं आणि बसा न म्हणता आत निघून गेल्या. त्यांचं बरोबरच होतं. ज्योतीताई बाहेर आल्या. मी रस्ताभर जुळवलेली वाक्यं विसरून गेले आणि एवढंच म्हणाले, "परीपासून नव्हतं. मला आधीपासूनच होतं. आणि परीपासून असतं तरी मी तसं बोलायला नको होतं."

ज्योतीताई म्हणाल्या, "पंधरा दिवस मी हिला रोज विचारतेय, काकूला काय केलंस गं? दोन वर्षांच्या लेकराला. मला माझीच लाज वाटते." तिथे आम्ही दोघी काय रडलो ते नीलेशने पाहायला नको म्हणून तो अंगणात जाऊन उभा राहिला.

परी आमच्या सोबतच परत आली. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की लहान मुलाचं उष्टं खाऊ नका, तोंडावर पापी घेऊ नका, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा. जुना संसर्ग असला तरी पाळा. म्हणून मी तिची पापी डोक्यावर घ्यायला लागले. तिला ते पटत नसे. ती तोंड पुढे करायची आणि मी टाळू शोधायची, असा आमचा खेळ बाळंतपणापर्यंत चालला. एवढंच करायचं असतं. मुलाला घराबाहेर काढायचं नसतं.

तपासणीच्या खोलीबाहेर

प्रत्येक सोनोग्राफीला मी श्वास रोखून पडायची. प्रत्येक वेळी सगळं ठीक निघायचं आणि पुढच्या वेळी मी पुन्हा तितकीच घाबरायची. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. पाचव्या दिवशी तिची लघवी तपासायला दिली. त्यातून बाळाला संसर्ग आहे का ते कळतं, आणि ती पहिल्या तीन आठवड्यांतच करावी लागते. रिपोर्ट निगेटिव्ह आला. सगळ्यांनी पेढे वाटले. माझा मात्र कागदावरचा विश्वास उडाला होता. मी कानांची तपासणी करूनच घेईन म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या, करा, तुमचं समाधान होईल.

जळगावला कानाच्या तपासणीला बाळ झोपलेलं लागतं. डोक्याला तारा लावतात आणि कानात आवाज सोडून मेंदूला पोचतो का ते यंत्र बघतं. म्हणून तिला सकाळपासून जागं ठेवायचं होतं. चोपड्यापासून जळगावपर्यंत माझी माय आणि सासूबाई दोघींनी मिळून त्या एवढ्याशा जिवाला झोपू दिलं नाही. तळव्यांना गुदगुल्या, गालाला ओला रुमाल, गाणी. तिथे पोचल्यावर मी पाजलं आणि ती गाढ झोपली. पाऊण तास आत तपासणी, बाहेर बाकावर आमच्या घरच्या बायका, आणि दारावर 'शांतता राखा'. आमच्याकडच्या बायकांना पाऊण तास गप्प बसवणं हीच मोठी तपासणी होती. त्या बसल्या.

तपासणी संपली. तपासणाऱ्या बाईंनी तारा काढल्या, म्हणाल्या, रिपोर्ट छापून देते, बाहेर थांबा. चेहऱ्यावरून काही कळेना. मी झोपलेलं बाळ घेऊन बाकावर बसले. त्या पाच मिनिटांत मी पुन्हा त्या शनिवारच्या लॅबच्या पायरीवर जाऊन बसले होते.

सगळ्यांना भूक लागली होती. मायने डबा उघडायला घेतला. झाकण निसटलं आणि फरशीवर आपटलं. अख्ख्या व्हरांड्यात ठणठण घुमली. समोरच्या खोलीतून कोणीतरी "शूऽऽ" केलं.

माझ्या मांडीवरची पोर दचकली. दोन्ही हात हवेत फेकले, तोंड लाल केलं आणि भोकाड पसरलं.

माय गयावया करत झाकण उचलायला वाकली. सासूबाईंनी तिचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"विहीनबाई," त्या म्हणाल्या, "आखो एक डाव पाडा बरं."